दट्टापेटीतले दोन दट्टे

सुतारकाका मुळातच संशयी. कुणी सहज "बरे आहात ना?" म्हटलं, तरी याला माझ्या तब्येतीचं काय पडलंय, असं त्यांच्या मनात यायचं. त्यामुळे बालशाळेच्या बाईंनी दट्टापेटी तिसऱ्यांदा परत पाठवली, तेव्हा पाणी कुठे मुरतंय ते त्यांना लगेच कळलं. लाकडी ठोकळ्यात उतरत्या जाडीचे दहा दट्टे, ज्याने त्याने आपल्याच भोकात बसायचं, एवढंच तर काम. वीस वर्षं ते हेच करत आले होते. पण बाईंचा दीर यंत्रावर लाकूडकाम करतो. आपलं काम काढून घरच्या माणसाला द्यायचा हा डाव.

बाईंना रंगेहाथ पकडायला ते भर शाळेच्या वेळी जाऊन कोपऱ्यात बसले. शाळा कसली ती! एक पोर या भांड्यातून त्या भांड्यात पाणी ओतत होतं, दुसरं बटणं लावून पुन्हा काढत होतं, आणि बाई गप्प बसून बघत होत्या.

चार वर्षांची एक चिमुरडी डोळ्यांना पट्टी बांधून काकांच्याच पेटीशी बसली. भोकाच्या कडेवरून बोट फिरवायचं, मग दट्ट्यावरून, आणि दट्टा बसवायचा. आठ बसले. उरलेले दोन तिने बसवले, काढले, अदलाबदल केली, पुन्हा काढले. मग पट्टी वर सारून म्हणाली, "हे दोन्ही कुठेही बसतात."

पढवून ठेवलंय हिला, काकांनी मनात म्हटलं. पुढे होऊन त्यांनी डोळे मिटले आणि दोन्ही दट्टे चाचपले. सारखेच लागले. मग त्यांनी सगळ्यात बारीक दट्टा चाचपला. तोही तसाच लागला.

वर्षभर त्यांच्या बोटांची टोकं बधिर होती. बायकोलाही त्यांनी हे कळू दिलं नव्हतं, नुसत्या नजरेच्या अंदाजाने काम रेटत होते. बाईंना ठाऊक असेल? त्यांनी चोरून पाहिलं. बाई पाणी सांडणाऱ्या पोराकडे बघत होत्या. त्याचाही काकांना संशयच आला.

चिमुरडीने त्यांचं बोट धरून भोकाच्या कडेवर ठेवलं. "दाबू नका आजोबा. हळू फिरवा. कळतंय?"

हो म्हणणं सोपं होतं, वर्षभराची सवयच होती. पण पोरगी उत्तराची वाट बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर काही केल्या डाव सापडेना.

"नाही गं," ते म्हणाले. "मला कळत नाही."

"मग पुन्हा करा," ती म्हणाली आणि कपाळावरची पट्टी सोडून तिने त्यांच्या हातात दिली.