मामा, पोचा जुना की नवा?

आमच्या शेडच्या मागे तुटक्या बंपरांचा ढीग असतो. भंगारवाला महिन्यातून एकदा येतो, काट्यावर टाकतो आणि घेऊन जातो. जागा मोकळी होते. किस्स्यांचं तसं नाही. ते कुणी नेत नाही, तिथंच साठत राहतात. एक सांगायला घ्यावा तर मागे दुसरा हॉर्न वाजवत उभाच!

आधी माणसं सांगतो. निघोज्याच्या रस्त्याला विठ्ठलशेठचं पत्र्याचं गॅरेज आहे. मी तिथला डेंटर. पत्र्याला पडलेला पोचा ठोकून सरळ करायचा, लांबी म्हणजे पुट्टी भरायची, घासायचं आणि रंगाला द्यायचं, हे माझं काम. शाळेत फार गेलो नाही, पण पत्र्यावर काय लिहिलंय ते वाचता येतं. सगळे मला मामा म्हणतात, शेठसुद्धा.

तिसरे इनामदार साहेब, विम्याचे सर्वेअर. ठोकलेली गाडी आली की आम्ही हातोडा लावायच्या आधी ते येतात, फोटो काढतात आणि विमा कंपनी काय भरून देईल ते ठरवतात. बारीक अंगाचे, कायम घाईत. चष्मा कपाळावर चढवतात आणि मला एकच विचारतात, "मामा, पोचा जुना की नवा?"

मी ओरखड्याच्या कडेवरून नख फिरवतो. नवा मार असला की पत्रा आत चांदीसारखा चमकतो. चार दिवस झाले की पिवळट दिसायला लागतो. जुना असला की तांबडा, आणि कडेला धूळ घट्ट बसलेली. जुन्याला विमा नाही, नव्याला आहे. दिसतं ते मी सांगतो.

ह्याच्यावरच आमची शेड चालते. मोठी शोरूम सोडून लोक आमच्याकडे येतात, कारण साहेब मामाच्या शब्दावर सही करतात. तो शब्द एकदा खोटा निघाला, की आमच्या शेडला कोण विचारतंय?

*

ह्या शब्दाची पहिली परीक्षा शेठच्याच गाडीवर झाली.

शेठची गाडी मागून कुणीतरी ठोकली. डिकी चेपली, ती नवीच. पण बाजूच्या पत्र्यावर एक लांब ओरखडा होता, तो शेठनं स्वतःच घराच्या गेटला घासून केलेला, दोन वर्षांपूर्वी. शेठ म्हणाले, "मामा, दोन्ही एकदमच करून टाकू."

इनामदार साहेब आले. चष्मा वर गेला. "मामा?"

मी नख फिरवलं. "डिकी नवी, साहेब. ओरखडा जुना."

शेठ माझ्याकडे बघत राहिले. साहेब गेल्यावर म्हणाले, "मामा, तुम्हाला पगार कोण देतं?"

"तुम्ही देता."

"मग?"

"मग तुमच्या गाडीला वेगळं नख कुठून आणू, शेठ?"

दोन दिवस शेठ माझ्याशी बोलले नाहीत. चहासुद्धा परस्पर पाठवायचे. तिसऱ्या दिवशी एक गिऱ्हाईक आलं आणि हळूच म्हणालं, "शेठ, थोडं जुनं काम आहे, तेवढं मामांना सांगून क्लेममध्ये बसवा ना!"

शेठ ताडकन उठले. "अहो, आमचे मामा माझ्या गाडीला सोडत नाहीत! तुमची काय कथा?"

तेव्हापासून ते प्रत्येकाला हेच सांगतात. आणि असं सांगतात, जणू ओरखडा जुना आहे हे त्यांनीच कबूल केलं होतं!

*

पवार भाऊ महाळुंग्याच्या एका कंपनीत सेकंड शिफ्टला. विम्याची तारीख विसरले. तारीख हुकली की गाडी आधी दाखवावी लागते, ती आत्ता कशी आहे ते. पूर्वी माणूस यायचा, चासी नंबरवर कागद धरून पेन्सिल घासायचा आणि नंबर उमटवून न्यायचा. आता मोबाइलमधली बाई सांगते, "गाडीभोवती फिरत व्हिडिओ काढा."

भाऊंनी आमच्याच दारात व्हिडिओ काढायला घेतला. वहिनी बरोबर होत्या. त्या माझ्याशी गप्पा मारत होत्या. गप्पा म्हणजे काय, भाऊ गाडीच्या ज्या बाजूला जातील त्या बाजूची माहिती!

"मामा, हा पोचा बघा, हा ह्यांच्या धाकट्या भावानं केला. लायसन नसताना! तो दिवा फुटलाय ना, तो ह्यांनी. म्हणे खांब मधे आला. आणि हे दार, हे तर मीच ओढून लावलं होतं. भांडण झालं होतं आमचं."

भाऊ मन लावून शूटिंग करत होते. मोबाइल आवाजही घेतो हे त्यांच्या गावीही नव्हतं.

चार दिवसांनी विमा कंपनीचं उत्तर आलं. पॉलिसी मंजूर, पण खालील नुकसान आधीचे असल्याने वगळले आहे. पुढे यादी. मागचा डावा पत्रा, विमाधारकाच्या धाकट्या भावाकडून. पुढचा दिवा, खांबामुळे. डावे दार, घरगुती कारणाने!

भाऊंनी कपाळावर हात मारला. वहिनींनी मात्र तो कागद दोनदा वाचून घेतला आणि म्हणाल्या, "बारा वर्षं मी सांगतेय, घरात कुणी ऐकलं नाही. ह्या लोकांनी एका फेरीत लिहून घेतलं!"

*

दत्ताभाऊ महाळुंग्याचेच, जुने गावकरी. त्यांनी एक मोठी जुनी गाडी घेतली आणि तिच्यावर काळी फिल्म चिकटवून घेतली, नखशिखांत. उन्हातसुद्धा चमकायची नाही अशी काळी. एक दिवस डाव्या बाजूनं टेम्पो घासून गेला. पुढचा पत्रा आणि मागचं दार, दोन्ही आत.

इनामदार साहेबांनी कागद बघितला, गाडी बघितली, परत कागद बघितला. "दत्ताभाऊ, आरसीवर गाडी पांढरी आहे."

"पांढरीच हाय की साहेब! वरून नुसती कापडं घातल्यात."

"रंग बदलला तर कळवावं लागतं."

"रंग कुठं बदललाय? आंघोळीला काढू तवा पांढरीच दिसंल!"

"मग काढा कापडं."

काम माझ्याकडे आलं. गरम हवेची बंदूक घेतली, हळूहळू फिल्म सोडवत गेलो. घाई केली तर खालचा रंग उचलतो. पुढचा पत्रा पांढरा निघाला. दत्ताभाऊ खूश. "बघा साहेब! आमी खोटं बोलत न्हाई." पुढचं दार पांढरं. "बघा!"

मागचं दार निघालं, लालभडक.

आधीच्या मालकानं कुठल्या तरी दुसऱ्या गाडीचं दार बसवून दिलं होतं आणि ते झाकण्यापुरता वरून पांढरा फवारा मारला होता. तो फिल्मबरोबर निघून आला!

दत्ताभाऊ दाराजवळ गेले, हात लावून बघितला. "साहेब, आईशप्पथ, ह्या दाराची आन् आमची आजच पयली गाठ!"

साहेबांना हसू आवरेना. तरी त्यांनी चष्मा वर केला आणि सवयीनं विचारलं, "मामा, पोचा जुना की नवा?"

"पोचा नवा आहे, साहेब. दार कुणाचं ते मला विचारू नका!"

*

नितीन लातूरकडचा. इथं नोकरीला लागला, गाडी घेतली, तिला शोरूमची चाकं काढून अलॉयची भारी चाकं बसवली. हुशारी एवढी केली की पॉलिसीत नोंद करून घेतली. पण एक चाक खड्ड्यात फुटलं तेव्हा साहेब म्हणाले, "नोंद आहे, पण आधी हीच चाकं गाडीला होती कशावरून? फोटो दाखव."

पोरानं मोबाइल पालथा घातला. गाडीचे फोटो शंभर, पण सगळ्यांत हाच पुढे उभा! चाक एकात नाही. शेवटी त्याच्या लग्नाचा व्हिडिओ निघाला. त्याच गाडीतून नवरीची पाठवणी झाली होती. गाडी सगळी झेंडूत बुडालेली, काचसुद्धा दिसेना.

साहेब आमच्या बाकड्यावर बसून बघायला लागले. नवरी आईच्या गळ्यात पडली. मग बापाच्या पाया पडायला वाकली, आणि तिच्या मागे चाक दिसलं, पुरतं. नितीन ओरडला, "साहेब, ते बघा! चाक!"

साहेब नजर न हलवता म्हणाले, "परत लाव."

परत लावलं. परत चाक दिसलं.

"अजून एकदा."

तिसऱ्यांदा बघून झाल्यावर साहेबांनी चष्मा काढून पुसला. नितीन घाबरला. "साहेब, दिसलं न्हाई का?"

"पहिल्या वेळीच दिसलं रे," साहेब म्हणाले. "मागच्या महिन्यात माझी लेक सासरी गेली."

*

आता सुमनताई गायकवाडांचं सांगतो.

ताई निगडीला राहतात, चाकणला एका ऑफिसात हिशेब बघतात. लहानपणी पोलिओ झाला, दोन्ही पायांत जोर नाही. गाडी ऑटोमॅटिक, क्लच नसलेली. तिला हाताचा दांडा बसवलाय. दांडा ओढला की गाडी पळते, पुढे ढकलला की ब्रेक. दांडा तयार आला होता, बसवला मी. त्या दिवशी ताई पहिल्यांदा एकट्या गाडी घेऊन गेल्या. त्याच्या आधी नोकरीला जायचं तर रोज भावाच्या सवडीनं जावं लागायचं.

तळवड्याच्या पुढे एका टेम्पोनं करकचून ब्रेक मारला आणि ताईंची गाडी मागून आदळली. ताई ठीक होत्या. गाडीचा बंपर, दिवा, बॉनेट गेलं. गाडी चालत होती, पण काम मोठं होतं.

इनामदार साहेब आले. आरसीवर दांड्याची नोंद होती, पॉलिसीवर मात्र चढलीच नव्हती. साहेब म्हणाले, "नोंदीचं मी ऑफिसला समजावतो. पण ते पहिलं विचारणार, ब्रेक ह्या दांड्यावर होता ना? मग तो नीट लागत होता कशावरून?"

ताई म्हणाल्या, "साहेब, क्लेम नाही झाला तर काढीन कसेही पैसे. पण कागदावर दांड्याचा दोष आला, तर ही गाडी मला परत कोण चालवू देईल? घरचेच देणार नाहीत."

साहेब माझ्याकडे वळले. "मामा, तुम्ही सांगा. दांडा चांगला आहे की नाही?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी मान हलवली. "नाही सांगणार, साहेब. बसवलाय मी. माझ्याच कामाला मी कसा साक्षीदार? तुम्ही स्वतः चालवून बघा."

साहेबांनी घड्याळ बघितलं, ताईंकडे बघितलं, आणि बसले. मी बाजूला, ताई मागे. सुट्टीचा वार, कंपन्या बंद, रस्ता मोकळा. साहेबांनी दांडा ओढला, गाडी निघाली. थांबवायची वेळ आली की मात्र साहेबांचा पाय आपोआप ब्रेकवर! एकदा झालं, दोनदा झालं.

मागून ताई म्हणाल्या, "साहेब, ही तुमची परीक्षा झाली, दांड्याची नाही."

"पाय ऐकत नाही हो!"

मी म्हटलं, "बांधू का?"

"बांधा!"

माझ्या खिशात रंगकामाची चिकटपट्टी होती, काचांना लावतो ती. गाडी कडेला घेतली. साहेबांचे दोन्ही पाय मांडी घालून सीटवर घेतले आणि चांगले पाच-सहा वेढे दिले. मग निघालो. साहेब खुलले. महाळुंग्याच्या चौकापर्यंत वळणं घेत, गुणगुणत आले.

चौकात हवालदार उभे. ठोकलेली गाडी बघून त्यांनी एकदम हात केला आणि पुढ्यातच आले. साहेबांनी दांडा ढकलला. गाडी खट्टकन थांबली, हवालदारांच्या गुडघ्यापासून वीतभर अलीकडे!

हवालदार खिडकीशी आले. आत वाकून बघितलं. चालवणाऱ्याचे पाय बांधलेले, शेजारी एक म्हातारा, त्याच्या हातात चिकटपट्टीचं बंडल, मागे एक बाई. त्यांनी आवाज खाली आणला. "साहेब, घाबरू नका. तुम्हाला पळवून नेतायत का?"

"नाही हो! मी ड्यूटीवर आहे!"

पाच मिनिटं साहेबांनी सगळं समजावलं. ताईंनी आरसी दाखवली. हवालदारांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "ह्यांच्यावर कुठलं कलम लावू तेच सुचंना राव," असं स्वतःशीच म्हणाले आणि जायला निघाले, तेवढ्यात साहेबांनीच त्यांना थांबवलं. "हवालदार साहेब, दोन ओळी लिहून द्या. तुम्ही हात केल्यावर काय झालं, तेवढंच. तुमचा आणि ह्या गाडीचा काही संबंध नाही, म्हणून तुम्हीच द्या."

तो कागद फाइलला लागला आणि ताईंचा क्लेम पास झाला. ताई अजून त्याच गाडीनं कामाला जातात. कागदाची झेरॉक्स आमच्या शेडमध्ये भिंतीला लावलीय. हवालदारांनी बॉनेटवर कागद ठेवून, विचार करकरून, सावकाश लिहिलं होतं:

"सदर इसमाचे दोन्ही पाय बांधलेले होते. तरी गाडी जागच्या जागी थांबली. इसम आनंदात होता."