पूर्ण पैसे घ्या म्हणून घासाघीस

माझा राग लई महागाचा आहे. किती महागाचा, ते मला बँकेतल्या मॅडमनी संगणकावर आकड्यातच दाखवलं. सहाशे अकरा.

"सिस्टर, क्रेडिट स्कोअर सातशेच्या पुढं लागतो," मॅडम म्हणाल्या. मी धाराशिवला एका दवाखान्यात नर्स आहे, म्हणून निम्मं गाव मला सिस्टर म्हणतं. "एवढ्या स्कोअरवर घराचं कर्ज होणार नाही. दोन वर्षांपूर्वी मोबाईलचे हप्ते थकवलेत तुम्ही."

थकवले कसले! मी ते छाती पुढं काढून बंद केले होते. हप्त्यावर घेतलेला मोबाईल आठव्या दिवशी बंद पडला आणि दुकानदार काही बदलून देईना. मग मी तो त्याच्या काउंटरवर आपटला आणि चार गिऱ्हाइकांदेखत सांगून आले, "आता एक हप्ता जरी भरला तर नाव बदलीन." पुढं कित्येक दिवस ड्युटीवर मी हे रंगवून सांगायची. कशी जिरवली त्याची म्हणून! दुकानदाराला त्याचे पैसे फायनान्स कंपनीनं पहिल्याच दिवशी दिले होते आणि मी जिरवत होते ती माझी स्वतःचीच, हे मला त्या खुर्चीत बसल्यावर कळलं. मला इतकं हसू फुटलं, की मॅडमनी घाबरून पाण्याचा ग्लास पुढं केला.

बँकेच्या पायऱ्या उतरेपर्यंत ते हसू विरलं. कारण घराचा इसार देऊन झाला होता. पन्नास हजार, तेही आत्यांचे. सासूबाईंना आमच्याकडं आत्या म्हणतात. आत्यांनी भूमच्या बाजारात तीस वर्षं भाजी विकली आणि त्या तीस वर्षांत भाड्याच्या नऊ खोल्या बदलल्या. कुठं मालकाच्या पोराचं लग्न निघालं, कुठं पाण्यावरनं वाजलं. "खाली करा" असं कुणी म्हणणार नाही, अशा एका दारासाठी त्यांनी ते पन्नास हजार जमवले होते. घर मूळच्या माकणीच्या एका निवृत्त गुरुजींचं. दोन खोल्या, पुढं ओटा, ओट्याशेजारी कढीपत्त्याचं झाड. गुरुजी लेकीकडं राहायला जाणार होते. "दिवाळीपर्यंत थांबतो, पुढं नाही जमायचं," असं त्यांनी इसार घेतानाच सांगितलं होतं. तोवर कर्ज झालं नाही, तर घरही जाणार आणि इसारही.

घरी येऊन सगळं सांगितलं. आमचे हे रिक्षा चालवतात, शहाणा माणूस, रिक्षा पुसायला बाहेर गेले. आत्यांनी मात्र विचारलं, "त्या कंपनीला किती द्यायचंय?"

"दंडासकट चौदा हजार दोनशे."

"मग म्या येते संगट," म्हणत आत्यांनी बाजाराची पिशवी काखेत मारली.

कंपनीच्या ऑफिसातला पोरगा टाय लावून बसला होता. एकरकमी मिटवायचं असेल तर कंपनी थोडं कमी घेते, असं तो म्हणाला मात्र, आत्यांचे डोळे चमकले. तो बारा म्हणाला, आत्या तीन म्हणाल्या. तो दहावर आला, आत्या चारावर गेल्या. मग त्यांनी बाजारातला हुकमी डाव टाकला. पिशवी झटकली, "चल गं, न्हाय द्यायचं यांना," म्हणाल्या आणि दाराकडं निघाल्या. जिन्यापर्यंत पोचतोय न पोचतोय तोच मागनं हाक आली, "आजी, या, या!" सहा हजारांत मिटलं! आठ हजार दोनशे वाचले! आम्ही दोघी एसटी स्टँडसमोर उभ्यानं जिलबी खाल्ली आणि आत्यांनी भर रस्त्यात माझ्या पाठीवर थाप मारली. मला वाटलं, आता घर आपलंच.

महिन्यानं नाचत बँकेत गेले, तर स्कोअर सहाशे चार!

"अहो सिस्टर, हे काय करून बसलात?" मॅडमनी कपाळावर हात मारला. "तुम्ही तडजोड केलीत. कंपनीनं तसंच लिहून ठेवलंय, की या बाईंनी पूर्ण पैसे दिले नाहीत, कमीवर मिटवलं. हे बघून कुठलीही बँक बिचकणारच. उरलेले भरा आणि पूर्ण फेडल्याचं पत्र आणा."

आत्यांना सांगितलं, तर त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली. "म्हंजे म्या घासाघीस केली म्हणून घर चाललं?" मी चपला परत पायात सरकवल्या. "चला, आत्ताच्या आत्ता भरून येऊ," मी म्हणाले.

पण तो टायवाला पैसे घेईना! "तुमची फाईल बंद झालीय, आजी. काही देणं नाही तुमचं. जावा की आता सुखानं घरी."

"आठ हजार दोनशे हायेत, घे की रे बाबा."

"सिस्टीम घेत नाही."

"वर शंभर तुझ्या चहाला देते."

"अहो, नको!"

तेव्हा तीस वर्षांच्या सवयीनं आत्यांनी पिशवी झटकली, "चल गं," म्हणाल्या आणि दाराकडं निघाल्या. मीही निघाले. जिन्यापाशी आम्ही थांबलो. हाक काही येईना. पैसे घेत नाही म्हणून रुसून निघालेल्या गिऱ्हाइकाला कोण परत बोलावणार? आत्यांनी मान वळवून बघितलं, तर तो गडी मोबाईल बघत बसलेला. "अगं बाई, आता गं?" आत्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघी त्या जिन्यावर बसून पोट धरून हसलो. हसता हसता आत्यांनी डोळ्याला पदर लावला, तो हसण्यानंच लावला असं मी धरून चालले. मग उठून गुमान परत आत गेलो.

चार खेपा झाल्या. चौथ्या खेपेला त्यानं वैतागून वरच्या साहेबाला फोन लावला, "सर, दोन बायका पैसे देतो म्हणून ऐकतच नाहीत." साहेबानं दोनदा विचारून खात्री केली आणि एकदाचे पैसे घेतले. पूर्ण फेडल्याचं पत्र आत्यांनी बाबासाहेबांच्या फोटोमागं जपून ठेवलं.

मॅडमनी मला मुदत ठेवीवर एक छोटं क्रेडिट कार्डही दिलं. महिन्याला थोडासा किराणा त्यावर घ्यायचा आणि तारखेच्या आत सगळे पैसे भरायचे. मग सुरू झालं आकडा चढायची वाट बघणं. दवाखान्यात ताप चढला की आम्ही पळापळ करतो, आणि घरी आकडा चढला की आत्या साखर वाटायच्या. सहाशे बावन्न. सहाशे एकाहत्तर. नळावर कुणी हंडा पुढं सरकवला आणि मी पदर खोचला, की आत्या आतनं ओरडायच्या, "भांडू नगंस गं, आकडा पडंल!" भांडणाचा त्याच्याशी काही संबंध नाही, हे मी शंभरदा सांगितलं. पण सहा महिने मी कुणाशी भांडले नाही, एवढं खरं. घटस्थापनेला सहाशे चौऱ्याण्णव झाला आणि तिथंच अडला, तेव्हा मात्र झोप उडाली.

दिवाळीला बारा दिवस उरले असताना सातशे आठ झाला! मी वॉर्डातच ओरडले. सलाईन लावलेली एक म्हातारी उठून बसली नि विचारायला लागली, मुलगा का मुलगी?

मॅडमनी कर्ज पळवत मंजूर करून आणलं. खरेदीखत झालं. किल्ली घेताना द्यायचे म्हणून ठरलेले शेवटचे दहा हजार तेवढे उरले होते. ते घेऊन आम्ही गुरुजींच्या ओट्यावर गेलो, तर गुरुजी आत्यांना म्हणाले, "आक्का, राहू द्या हे. लई धावपळ झाली तुमची. यातनं स्वयंपाकाचा कट्टा करून घ्या."

माझ्या डोळ्यांपुढं लगेच कट्टा उभा राहिला, काळ्या फरशीचा.

"न्हाय गुरुजी," आत्या म्हणाल्या. "पूर्ण घ्या."

मी त्यांच्या कानाशी लागले, "आत्या, याचा आकड्याशी काही संबंध नाही हो."

"म्हाईत हाय मला," आत्या मोठ्यानंच म्हणाल्या. "नऊ घरमालकांच्या म्होरं हात जोडून उभी ऱ्हायले, भाडं जरा कमी घ्या म्हणून. आज हाय माझ्यापाशी. देऊ द्या की मला पूर्ण."

गुरुजींनी नोटा घेतल्या आणि किल्ली आत्यांच्या हातात दिली. आत्यांनी कुलूप काढलं, आत गेल्या आणि आतनं कडी लावून घेतली. आम्ही नवरा-बायको बाहेर बघतच राहिलो. मी कडी वाजवली.

"कोन हाय?" आतनं जोरात आवाज आला.

"आम्हीच आहोत की, आत्या. उघडा!"

"थांबा वाईच," आत्या म्हणाल्या, आणि आत त्यांच्या हसण्याचा आवाज येत राहिला.