कुठल्या घाटाचं इंजिन

आमच्या पिकअपला पिकअप नव्हता. हे वाक्य आमच्या घरात सगळ्यांना कळायचं. माझ्या शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंना मात्र ते समजावताना घाम फुटला असता. आमच्याकडे पिकअप म्हणजे मागे हौदा असलेली, माल वाहायची गाडी. आणि पिकअप म्हणजे ॲक्सिलरेटर दाबल्यावर त्या गाडीने दाखवायचा उत्साह. यातली पहिली घोडेगावात आमच्या दारात उभी होती. दुसरा वाटेत कुठेतरी उतरून गेला असावा.

गाडी पप्पा चालवायचे. भीमाशंकरच्या रस्त्यावरच्या दुकानांना नारळ आणि पाण्याच्या बाटल्या पोचवायच्या, आणि येताना तळेघरच्या बाजूचा तांदूळ-नाचणी खाली आणायची, हा आमचा धंदा. दुकानांच्या ऑर्डरी मी घ्यायचे. कॉलेज संपल्यावर पुण्यात मी नोकरीसाठी मुलाखती दिल्या होत्या. ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटल्यावर मी जे सांगितलं, ते समोरच्याने पेनाचं टोपण काढेपर्यंत संपलं होतं. इंग्रजी उत्तम होतं, असं नंतर कळवण्यात आलं. नोकरी दिली नाही. म्हणून मी घरी आले आणि ऑर्डरी घेऊ लागले, मेसेजवर. दुकानदार लिहायचा, ‘नारळ दोन पोती’. मी अंगठा पाठवायचे. कोणाला हसून दाखवावं लागत नव्हतं, कोणी ‘जरा मोठ्याने बोला’ म्हणत नव्हतं. जगात मला जमेल असं हे एकच काम असावं, आणि ते एका म्हाताऱ्या गाडीच्या दमावर टिकून होतं.

त्या वर्षी चैत्रात तो दम संपला. डिंभ्याचं धरण मागे पडलं की रस्ता वळत वळत चढू लागतो. तिथल्या एका वळणावर गाडी आधी काळा धूर काढायची, मग पांढरा, मग विचार करायची. मागे बसलेल्या माणसांना खाली उतरायला सांगायचं, गाडी थोडी पुढे न्यायची, माणसांनी चालत येऊन पुन्हा चढायचं. एस.टी.ची वाट बघण्यापेक्षा हे बरं, म्हणून कोणी तक्रार करत नसे. पण एकदा भर उन्हात माल अर्ध्यावर उतरवून दोन खेपांत वर न्यावा लागला, आणि वरच्या एका दुकानदाराने मला लिहिलं, ‘श्रावणात असं झालं तर आम्हाला दुसरीकडून घ्यावं लागेल.’ श्रावणात भीमाशंकरला जी गर्दी होते तिच्यावर आमचं निम्मं वर्ष निघतं. श्रावण गेला की दुकानं गेली, आणि दुकानं गेली की मी परत त्या खुर्चीत, स्वतःबद्दल सांगायला.

म्हणून इंजिन बदलायचं ठरलं. जुनं इंजिन खोलून दुरुस्त करण्याइतकं काही त्यात उरलेलं नव्हतं. त्यातून ऑइल गळत नव्हतं, कारण आत ऑइल राहतच नव्हतं.

आमच्याकडे लग्न ठरवताना मुलीला विचारतात, निदान विचारल्यासारखं करतात. इंजिन ठरवताना गाडी चालवणाऱ्याला कोणी विचारत नाही. पप्पांना सल्ला द्यायला अख्खी आळी आली. ज्यांच्याकडे सायकलही नव्हती त्यांचं ज्ञान सगळ्यांत खोल होतं. सगळ्यांत वर होते मोठे काका, म्हणजे पप्पांचे थोरले भाऊ. गाडीत त्यांचा निम्मा वाटा होता. ते गाडामालक. म्हणजे त्यांच्याकडे बैलगाडा शर्यतीचे बैल आहेत, आणि आमच्या तालुक्यात एवढी ओळख पुरते. त्या बैलांना बदाम मिळतात. मला परीक्षेच्या दिवसांतही मिळाले नव्हते.

“मोठं इंजिन टाक,” काका पप्पांना म्हणाले. “टाकायचंच तर लई भारी टाक. आन् ह्या आपल्या इंग्लिश मिडियमला सांग, मोबाईलात बघ म्हणावं.”

मी मोबाइलात बघितलं. त्यात परदेशातले दाढीवाले गृहस्थ आपापल्या पिकअपमध्ये इंजिनं बसवत होते. एकेक इंजिन आमच्या मोरीत मावलं नसतं. त्यांच्या गाड्यांत माल कधीच दिसला नाही, पण इंजिन बसवून झालं की ते एकमेकांना टाळ्या द्यायचे. त्यातून मला एवढं समजलं की गाडीची ताकद दोन प्रकारची असते. एक पळायची, एक ओढायची. जे इंजिन जोरात पळतं ते हळू चढताना दमदार असेलच असं नाही. हे मी जेवताना पप्पांना सांगितलं. “म्हंजी आपल्याला ओढीचं पायजे,” ते म्हणाले. बास. सगळा अभ्यास दोन घासांच्या मध्ये आटोपला.

नारायणगावच्या रस्त्याला एक गॅरेज आहे. तिथल्या मिस्त्रींकडे आमच्या गाडीला बसतील आणि कागदांवरही चढवता येतील अशी दोन वापरलेली इंजिनं आली होती. आम्ही तिघे गेलो. पप्पा गाडी चालवत, काका खिडकीशी, आणि मधे मी, गिअर पडताना गुडघे बाजूला घेत. मला का नेलं, तर कागद इंग्रजीत असतात म्हणून.

मिस्त्रींनी प्लॅस्टिकची स्टुलं मांडली, चहा मागवला आणि पप्पांना विचारलं, “गाडी चालती कुटं, पावणं?”

“घाटात,” पप्पा म्हणाले.

“रोज?”

“रोज कुटं?” काका म्हणाले. “सीझनला. पर सीझनला खाडा न्हाई.”

पप्पांनी मान हलवली. श्रावण हा सीझनच.

“लोड?”

“फुल्ल,” पप्पा म्हणाले.

“मागं आपली पोरं असत्यात,” काका म्हणाले. “त्यास्नी दणकं बसाया नकोत.”

पप्पांनी पुन्हा मान हलवली. मागे पोरंबाळं घेऊन बायका बसतातच.

“चढ कसा हाय?”

“उभा,” पप्पा म्हणाले.

“उभाच पायजे राव,” मिस्त्री म्हणाले. “त्याबिगर मजा न्हाई.”

इथे मी मोबाइलमधून मान वर केली. डिंभ्याच्या वरच्या त्या चढाबद्दल मी लोकांना बरंच काही बोलताना ऐकलं होतं. मजा हा शब्द कोणी वापरला नव्हता.

बाहेरच्या माणसाला सांगायला हवं की जुन्नर-आंबेगावात घाट दोन असतात. एक डोंगराचा, ज्यातून रस्ता जातो. दुसरा बैलगाड्यांचा, गावाच्या यात्रेत गाडे पळवायला मातीचा चढ बांधलेला असतो, त्यालाही घाटच म्हणतात. दोन्ही उभे, दोन्हींत धुरळा, आणि दोन्हींबद्दल पुरुषमाणसं एकाच चेहऱ्याने बोलतात. पप्पा डोंगरावर होते. काका यात्रेत होते. ‘आपली पोरं’ म्हणजे त्यांचे बैल, जे यात्रेला आमच्याच पिकअपच्या हौद्यातून जायचे. काका बैलांना बैल म्हणत नाहीत, त्यांना राग येईल अशी त्यांची समजूत आहे. आणि मिस्त्रींच्या भिंतीवर, स्पॅनरच्या वरच्या बाजूला, हार घातलेल्या एका बैलजोडीचा फोटो होता. त्यामुळे ते कुठल्या घाटात होते हे विचारायची गरजच नव्हती.

“मंग ह्येच घ्या,” मिस्त्री डावीकडच्या इंजिनावर थाप मारत म्हणाले. “जीपचं हाय. रोडला नुसती उडंल गाडी. घाटावर येळंत पोचलं पायजे. आपला नंबर पुकारलाय आन् गाडी रस्त्यातच, आसं व्हाया नको.”

“येळंत पोचायचं हेच म्हत्त्वाचं,” पप्पा म्हणाले.

अशा रीतीने तीन माणसांचं पूर्ण एकमत झालं. काका मिस्त्रींना परवाच्या बारीत, म्हणजे शर्यतीच्या फेरीत, कोणाचा गाडा कसा लागला ते सांगू लागले, आणि पप्पा, आता विषय निघालाच आहे म्हणून, सभ्यपणे ऐकू लागले. मिस्त्रींनी साखळी आणायला सांगितली. ते इंजिन एकदा उचललं गेलं की संपलं.

बोलायला हवं होतं. मी बोलले नाही. माझ्यासारखी माणसं अशा वेळी जे करतात तेच मी केलं. हातभर अंतरावर बसलेल्या वडिलांना मेसेज पाठवला. मी मराठी इंग्रजी अक्षरांत लिहिते. शाळेने मला एवढंच मराठी ठेवलं आहे. लिहिलं: पप्पा, ते बैलगाड्याच्या घाटाबद्दल बोलतायत. आपल्या घाटाला हे इंजिन चालणार नाही. काकांना फक्त यात्रेत मिरवायचंय.

पप्पांचा फोन वाजला. त्यांचा चष्मा गाडीत राहिला होता. त्यांनी फोन लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला आणि मिस्त्रींपुढे केला. “बघा बरं, गॅसवाल्याचा असंल.”

मिस्त्रींनी तो मोठ्याने वाचला. अक्षर अक्षर लावत, पहिलीतल्या मुलासारखा, पण आवाज भरपूर. बैलगाड्याच्या घाटापर्यंत ते बरे गेले. ‘मिरवायचंय’ला अडले, मागे गेले, आणि मग शब्द अगदी स्वच्छ उच्चारला.

गॅरेजमध्ये कुठेतरी हवा भरायचं मशीन चालू होतं. ते तेवढ्यात बंद पडलं.

“कुणाचा हाय मेसेज?” काकांनी विचारलं.

मिस्त्रींनी वरचं नाव बघितलं, मग माझ्याकडे. “ह्या स्टुलावरनं आलाय,” ते म्हणाले.

काका माझ्याकडे वळले. “समोर बसून पत्र धाडती व्हय गं? तोंड हाय ना तुला? का शाळंत तोंडाची फी येगळी व्हती?”

मी पप्पांकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत होते. थोरल्या भावासमोर ते तिथेच बघतात. तेव्हा मी म्हणाले, “गाडी डिंभ्याच्या वर थांबते, काका. तिथं बैल नसतात, नारळ असतात. श्रावणात थांबली तर दुकानं जातील आपली. मग नुसतं इंजिन राहील.”

 मिस्त्री डोकं खाजवत पप्पांना म्हणाले, “डोंगराचा घाट व्हय? आधी सांगायचं ना. मी मघाधरनं गाड्याचा घाट धरून बसलोय.”

“मी घाटच म्हणलो व्हतो,” पप्पा म्हणाले.

“घाटच म्हणला, खरंय.”

मग मिस्त्री उजवीकडच्या इंजिनापाशी गेले. ते आमच्याच जातीच्या, पण थोड्या मोठ्या गाडीचं होतं. “ह्ये ओढीचं. चढाला मागं बघायचं न्हाई. पर सपाटीला पळायचं काम न्हाई हां.” हे शेवटचं वाक्य त्यांनी काकांकडे बघत, घरात वाईट बातमी सांगावी तशा आवाजात सांगितलं.

काकांनी बशीतला चहा सावकाश संपवला. “मिरवायचं म्हंजी काय गं?” त्यांनी विचारलं.

“काही नाही.”

“न्हाई, सांग की. आता फुटलंय तोंड तर सांग.”

“यात्रेत आपली गाडी सगळ्यांच्या पुढं दिसावी, असं.”

मला वाटलं होतं ते चिडतील, किंवा ओशाळतील. ते नुसते चकित झाले. “दिसाया पायजेच की,” ते म्हणाले. “मंग काय तोंडाला फडकं बांधून जाऊ?”

  त्यांना मिरवायचं होतं आणि त्यात लपवण्यासारखं काय, हे त्यांना खरोखर समजत नव्हतं. मी मात्र स्वतःच्या आवाजालाही फडकं बांधून हिंडत होते.

शेवटी काकांनी अट घातली. ओढीचं बसवा, पण फुल्ल लोड घेऊन डिंभ्याच्या वर चढवून दाखवा, ते स्वतः गाडीत बसणार. नाही चढली, तर जीपचं, आणि मग कोणी तोंड उघडायचं नाही. हे ‘कोणी’ कोण, ते सगळ्यांना समजलं.

इंजिन बसलं, त्याचा नंबर कागदावर चढवायचा अर्ज मी इंग्रजीत भरला, आणि एका सकाळी हौदा नारळांनी भरून आम्ही निघालो. काका खिडकीशी, मी मधे. मागे नारळांच्या पोत्यांवर तळेघरच्या दोन बायका बसल्या होत्या. धरण मागे पडलं. पप्पांनी सेकंड गिअर टाकला आणि त्यांचा हात त्याच्यावरच राहिला. गाडी पळत अजिबात नव्हती. बाजूने चालणारा एक माणूस बराच वेळ आमच्या सोबतीला होता. काका म्हणाले, “आपली पोरं चालत निघाली असती तरी आत्तापातूर वर असती.”

वळण आलं. मागच्या बायकांनी सवयीने पत्र्यावर थापा मारल्या, उतरायचंय म्हणून. पप्पांनी गाडी थांबवली नाही. धूर आला नाही. आवाज खाली गेला, जड झाला आणि तसाच राहिला, आणि वळण आमच्या मागे गेलं. थापा थोडा वेळ चालू होत्या, मग थांबल्या. काकांनी आरशात मागे बघितलं आणि काच वर केली, धुरळा येत होता म्हणून. जीपच्या इंजिनाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. त्यांच्यासारख्या माणसाकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

तळेघरच्या अलीकडे पप्पा म्हणाले, “दुकानावर कळव, माल घेऊन यीऊ ऱ्हायलोय म्हणावं. एकदमच आणलाय सगळा.”

मी मेसेज लिहिला. तो जाईना. वर इंटरनेट नव्हतं, नुसती फोनपुरती रेंज होती.

“फोन लाव की,” पप्पा म्हणाले.

मी लावला. तिकडून दुकानदाराचा आवाज आला, मागे घंटा वाजत होत्या. मी घोडेगावची पिकअप म्हणून सांगितलं. तो म्हणाला, “भाऊ कुठंयत? भाऊंशी बोलायचं व्हतं मला, मेसेजवाल्या भाऊंशी.”

“मीच ती,” मी म्हणाले.

 “बरं,” तो म्हणाला. “मंग आसं करा ताई, श्रावणाचं सगळंच आत्ता सांगून टाकतो. घ्या लिहून. आन् जरा मोठ्यानं बोला, हितं गर्दी हाय.”

मी मोठ्याने बोलले. काका खिडकीबाहेर बघत होते, पण ऐकत होते.