घोंगड्यात गुंडाळलेले भावजी

दत्तमहाराजांपुढं दिवा लावून आज सकाळी मी तूर पाखडायला बसले. अर्धी तूर सुपातच होती, तोवर निंगप्पा दारात उभा.

"वैनी, अंकुशअण्णा हायत का? गोठ्यात पुन्हा पोळं बसलंय. जरा पाठवा की."

मी हातातलं सूप खाली ठेवलं.

अंकुशराव म्हणजे माझे थोरले दीर. आमच्या मादन हिप्परगा गावात कुणाच्याही आढ्याला गांधीलमाश्यांचं पोळं लागलं की हाक भावजींना. ओल्या गोवरीचा धूर आणि अंगावर पोतं, एवढ्यावर तीस वर्षं. चहासुद्धा घ्यायचे नाहीत. म्हणायचे, "माश्यांचं घर मोडायचं, वर चहा कशाचा?" नाही म्हणणं या माणसाला जन्मात जमलं नाही, आणि गावानं नेमकं तेवढंच ओळखलं.

महिन्याखाली याच निंगप्पाच्या गोठ्यात त्यांना तीन माश्या डसल्या. पूर्वीही डसायच्या, नुसतं सुजायचं. या वेळी बघता बघता अंगभर गांध्या उठल्या, ओठ टम्म फुगले. अंगावर पित्त उठलं की घोंगड्यात गुंडाळून घासायची आमच्याकडं रीत. त्यांना आमच्या घरी आणून तेच सुरू झालं.

"छाती दाबायली रे, सोडा," भावजी म्हणायले.

"पित्त हाय अण्णा, घासल्याबिगर जातंय व्हय?" निंगप्पा.

ते ओकले. ती घाण तशीच आत ठेवून घोंगडं पुन्हा आवळलं. मेंढराचा, घामाचा, ओकारीचा तो वास अजून नाकातून जात नाही. निंगप्पा एका हातानं घासायलाय, दुसऱ्या हातानं मोबाईलवर व्हिडिओ काढायलाय. आणि मी? भावजींच्या कपाळाला गाणगापूरचं भस्म लावलं आणि घोंगड्याचं एक टोक धरलं. सगळ्यात जास्त शिसारी मला माझ्या त्या हाताची येते. महाराजांनी भस्म दिलं, अक्कल गहाण टाका असं कुठं सांगितलं होतं?

शाळेतले रत्नपाल मास्तर वाटेनं जात होते. आत डोकावले आणि म्हणाले, "वैनी, अंग गार पडलंय त्यांचं. सोडा आधी!" त्यांनीच गाडी आणली.

"एवढ्याशा माशीला कलबुर्गी दाखवायलेत!" निंगप्पा मागून हसायला लागला.

कलबुर्गीच्या डॉक्टरबाईंनी आधी मांडीत इंजेक्शन दिलं, मग ईसीजी काढला. म्हणाल्या, "हे पित्त नव्हे. माशीच्या विषाची ॲलर्जी आहे. त्या ॲलर्जीनंच हृदयाची रक्तवाहिनी आवळली आणि झटका आला. अंगावरच्या गांध्या आणि छातीतली कळ, दोन्हीचं मूळ एकच. आता एक माशी डसली तरी जीव जाईल."

हे सगळं निंगप्पाला सांगून झालंय. तरी तो आज दारात.

"आता ठणठणीत दिसायलेत की," तो म्हणाला. "आणि काय झालंच तर घोंगडं हाय!"

भावजी उठून चपला शोधायले. मी उंबऱ्यात आडवी उभी राहिले. "भावजी, डॉक्टरबाई काय म्हणाल्या ते निंगप्पासमोर सांगा."

त्यांनी हातातली चप्पल खाली ठेवली. मग म्हणाले, "निंगप्पा, न्हाई येत मी."

"कामून?"

"मरायचं न्हाई मला."

निंगप्पा आमच्याच पायरीवर तंबाखू थुंकून गेला. दोन घागरी पाणी ओतून पायरी धुतली. भावजींच्या हृदयाच्या गोळ्या दोनच उरल्यात. आता अकराच्या बसनं तालुक्याला, आळंदला जाऊन त्या आणायच्या.