खोक्यावरचं घर

घर पाहावं बांधून, म्हणतात. मी बांधलं, आणि तेही वरून खाली. जळगावच्या एमआयडीसीत, एका शेटजींच्या कारखान्यात, कॉम्प्युटरवर.

शेटजींकडे ठिबक सिंचनाच्या नळ्यांचे काळे जोड निघायचे. नव्वदीच्या दशकात त्यांनी कुणा नातेवाइकाच्या घरी परदेशी ठोकळे पाहिले, एकावर एक घट्ट बसणारे, आणि तसा साचा करून घेतला. ठोकळे निघाले ते ओबडधोबड, कडेला प्लास्टिकच्या मिशा राहिलेले. त्यांचा फोटो खोक्यावर छापला असता तर दुकानात कुत्रंही फिरकलं नसतं. म्हणून चित्र कॉम्प्युटरवर करायचं ठरलं. धुळ्यात केलेल्या एका कॉम्प्युटर कोर्सच्या भांडवलावर मला तिथं नोकरी लागली.

बाहेर मशीनवरची माणसं घामानं निथळत असायची. एसी फक्त माझ्या खोलीत होता, पण तो मशीनसाठी आहे, तुझ्यासाठी नाही, हे शेटजींनी पहिल्याच दिवशी बजावलं. चपला बाहेर काढायच्या. मॉनिटरच्या काचेवर, कोपऱ्यात, पूजेच्या वेळचं कुंकवाचं स्वस्तिक होतं आणि ते पुसायची कुणाची टाप नव्हती. माझ्या प्रत्येक चित्रातलं आभाळ त्या कोपऱ्यात लाल दिसायचं.

काम असं होतं. एक ठोकळा काढायचा, त्याच्या डोक्यावर गोल बोंडं बसवायची, मग त्याच्याच नकला करून एकावर एक चढवायच्या. प्रत्येकाला रंग द्यायचा, ऊन कुठल्या बाजूनं येतंय ते सांगायचं आणि हात जोडून बसायचं. मशीन आपला हिशेब करत करत एकेक रेघ वरून खाली उतरवायचं. याला रेंडर म्हणायचे. सकाळी सुरू केलं की जेवणाच्या सुटीपर्यंत जेमतेम छत दिसायचं. मध्येच वीज गेली की सगळं मुसळ केरात.

शेटजी म्हणाले होते, काढ काहीतरी घरबिर. काहीतरी घर मला काढता येईना. मला एकच घर ठाऊक होतं, तेही कुठं नसलेलं.

ते माझ्या आईचं होतं. वडील गेल्यापासून ती धुळ्यात भाड्याच्या एका खोलीत राहायची. वर चांगलं प्रशस्त धाबं, म्हणजे सपाट छत होतं, पण ते घरमालकिणीचं. आई पापड-कुरडया घालायला वर जाऊ लागली की मालकीणबाई जिन्याला कुलूप लावून ठेवायच्या, नाहीतर वाळत घातलेलं आईचं पातळ गुंडाळून खाली आणून द्यायच्या, हसत हसत. त्या हसण्याचा मला आजही संताप येतो. आई पातळाची घडी घालून ठेवायची. रात्री भाकरी थापताना मात्र स्वतःच्या घराची एकेक गोष्ट सांगायची. पांढऱ्या भिंती, निळं दार, दोन बायका मांडी घालून बसतील एवढा ओटा, तो गेरूच्या रंगाचा. आणि वर स्वतःचं धाबं. मी सुटीला धुळ्याला जायची, ऐकायची आणि जळगावला येऊन ते ठोकळ्यांत रचायची. हे तुझं घर खोक्यावर छापून येणार, असं मी तिला सांगून टाकलं. तिनं ते गल्लीभर केलं.

एकदा ती एसटीनं बघायला आली. चपला बाहेर काढून, एसीच्या गारठ्यात पदर गुंडाळून मॉनिटरसमोर बसली. धाबं उतरलं, खिडक्या उतरल्या, निळं दार अर्धं आलं आणि वीज गेली. काळ्या काचेवर, ओटा यायचा राहिला होता तिथं तिनं बोट ठेवलं.

"ओटा ऱ्हायना ना," एवढंच म्हणाली. तिची बस होती, ती गेली.

पुढं चित्र पूर्ण झालं तेव्हा शेटजींना रंग आवडले, छत नाही. उतरतं लाल छप्पर हवं, वर धुराडं हवं, धाब्याचं घर कोण घेतं? मी आईला विचारलं.

"उतरतं छप्पर कसाले? पापड काय तेना डोकावर वायाडू?" ती म्हणाली.

शेटजींच्या डोक्यावर पापड वाळवायची कल्पना मला फार आवडली, पण ती त्यांना सांगण्यासारखी नव्हती. मी म्हटलं, उतरत्या छपराला तिरका ठोकळा लागेल, म्हणजे दुसरा साचा आला. शेटजी लगेच म्हणाले, राहू दे धाबंच. चिंगूसपणानं आईचं घर वाचवलं, म्हणून मी मनातल्या मनात त्याला हात जोडले. कशाला जोडले कोण जाणे.

खोकी छापून आली, देखणी आली. मग भरायला घेतली आणि मी पाहिलं, तर आत सगळे काळे ठोकळे. नळ्यांच्या जोडांचा उरलेला प्लास्टिकचा काळा दाणाच मशीनमध्ये ओतला होता. नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा. मी शेटजींकडे गेले. रंगीत दाणा परवडत नाही, म्हणाले.

"मुलं खेळणार आहेत त्यात. राहायला जाणार आहेत का?"

आईला खोकं नेऊन द्यायचं मी टाळत राहिले. आज नाही, पुढच्या सुटीला, असं करत आखाजीचा अख्खा सण काढला. शेवटी गेले, तर मालकीणबाईंच्या ओट्यावर शेजारणी बसलेल्या, मध्ये त्या स्वतः आणि त्यांच्यासमोर आई. आग्रा रोडवरच्या दुकानातून तिनं ते स्वतःच विकत आणलं होतं आणि सगळ्यांना बोलावून, चित्र समोर ठेवून घर रचलं होतं. काळ्या भिंती, काळं दार, काळं धाबं. ओटा मात्र तिनं सोडला नव्हता, तोही काळा. मालकीणबाई हसत होत्या. आईनं माझ्याकडे पाहिलं.

"हाई घर बयेल शे का वं, माय?"

घर जळालेलं आहे का, असं ती मला विचारत होती. तिला खरंच वाटलं होतं, की त्यात माझा काहीतरी हेतू असणार. तिनं ते घर पदरात घेतलं आणि आत नेलं.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले आणि तेच घर उघडलं. एकेका ठोकळ्याचा रंग काढला आणि खोक्यात होता तसाच काळा दिला. ऊन तसंच ठेवलं. त्या दिवशी वीज गेली नाही, एरवी हटकून जायची. संध्याकाळी शेटजी आले तेव्हा चित्र ओट्यासकट पुरं झालं होतं. नव्या खोक्यासाठी हेच छापा, मी म्हटलं.

त्यांनी चष्मा लावून पाहिलं.

"अगं, असलं काळं घर विकत कोण घेईल?"

"माझ्या आईनं घेतलं," मी म्हणाले.

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. खोलीत उकडतंय, मशीन तापेल, एसी वाढव, एवढं सांगून निघून गेले.