मागचे शॉकअप बदलले त्या वर्षी

मी सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत होते तेव्हा दीर आले. वावरातून पळतच आले होते, पण अंगणात येऊन नुसते उभे राहिले. मला वाटलं, विहिरीवरची मोटर जळली, कारण आमचे हे सकाळी मोटरच पाहायला गेले होते. दीर म्हणाले, "वहिनी, दादाले अमरावतीले नेलं." मी विचारलं, जाताना काही बोलले काय? हातातली जुडी मी पुरी बांधली, मग उठले. छातीत कळ आली म्हणून ते विहिरीच्या काठावर बसले आणि तिथंच सगळं संपलं होतं, हे मला दुपारी कळलं.

सव्वीस वर्षांचा संसार, पण मी त्यांच्याशी धड बोलले ती फक्त शेवटच्या वर्षात. मी लहानपणापासून अबोल. कोणी तोंडाकडे पाहिलं की माझे शब्द आत जातात. धाकटी मुलगी झाल्यावर मला बायकांना होतं ते दुखणं लागलं, पिशवी खाली सरकून अंग बाहेर येण्याचं. सहा वर्षं मी ते कोणाला सांगितलं नाही. त्यांनाही नाही. मोटारसायकलवर मागं बसलं की प्रत्येक गड्ड्याला जीव जायचा आणि आमच्या गावचा रस्ता म्हणजे गड्डेच. कण्हलेलं त्यांनी ऐकलं आणि विचारलं, तेव्हा मी कंबर दुखते म्हणून सांगितलं. तेवढंच तोंडातून निघालं.

त्यांनी ते खरं धरलं. आधी तेल आणलं, मग कमरेचा पट्टा आणला. पट्ट्यानं दुखणं वाढलं, तर मी म्हटलं बरं आहे. शेवटी त्यांनी ठरवलं की दोष माझ्या कमरेचा नाही, गाडीचा आहे. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना स्प्रिंगा असतात, त्यांना सगळे शॉकअप म्हणतात. आमच्या गाडीचे शॉकअप तेल गळून मेले होते. त्यांनी कुठून तरी मोठ्या गाडीचे जुने शॉकअप आणले आणि आपल्या हातानं बसवले. ते बोटभर लांब निघाले. गाडीचा मागचा भाग उंच झाला, मला चढता येईना आणि चढले तर घसरून त्यांच्या पाठीवर आदळायची. स्टँडवर लावली की गाडी कलंडायची. शेजारच्या काकाजींनी ओट्यावरून विचारलं, "काय बुवा, गाडीले पोळ्याचं सजवलं काय? शेपूट वर करून राहिली." हे म्हणाले, "तुमी नका बसू मंग." पण आठ दिवसांनी त्यांनी ते गुपचूप काढले.

माझं माहेर अकोल्याचं, जुन्या शहरातलं. तिथं एक म्हातारे मिस्त्री फक्त शॉकअपचंच काम करतात, असं माझ्या भावानं सांगितलं. मग आम्ही गेलो. मिस्त्रींनी गॅसचे नवे शॉकअप लावले आणि म्हणाले, दोघं बसा, गाडी किती दबते ते पाहू द्या. भर गल्लीत, एवढ्या माणसांसमोर, मी गाडीवर बसायचं आणि कोणी तरी ते मोजायचं! मी पदर ओढून भिंतीकडं सरकले. यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, मग गल्लीतल्या लोकांना म्हणाले, "बापा हो, जरा तिकडं पाहा. आमच्या बाईचं वजन सरकारी गुपित हाय." लोक हसले आणि खरंच वळले. मी बसले. मिस्त्रींनी खाली बसून स्प्रिंगची कडी फिरवली, पुन्हा पाहिलं, पुन्हा फिरवली.

परतताना मूर्तिजापूर मागं पडलं. दोन्हीकडं कपाशी होती. गाडी अशी चालली होती की खालच्या रस्त्याची आठवणही येऊ नये. त्यांनी अभिमानानं विचारलं, "आता कंबर कशी हाय वं?" मी त्यांच्या पाठीकडं पाहत होते. शर्टाला घामाचा डाग पडला होता. ती पाठ माझ्याकडं पाहत नव्हती. मी म्हटलं, कंबर दुखतच नव्हती कधी... आणि मग सगळं सांगितलं. सहा वर्षांचं.

गाडी हळू झाली. एका निंबाखाली त्यांनी ती थांबवली, पण उतरले नाहीत, मागं वळलेही नाहीत.

"मले आंधी कावून नाही सांगतलं?"

"तुमच्या तोंडाकडं पाहून सांगता येत नाही."

त्यांनी गाडी बंद केली. मग म्हणाले, "म्हंजे मी येड्यावानी गाडीचाच इलाज करून राहिलो होतो." गाडीला किक मारून म्हणाले, "बोलत जा. मी समोरच पाहीन."

आठ दिवसांत त्यांनी अमरावतीत बाई डॉक्टर शोधली. ऑपरेशन करायचं ठरलं. तुरीचं काम निपटलं की जायचं, अशी तारीखही घेतली. तोवर मी बोलत राहिले, पण घरात नाही. उंबरठा ओलांडला की मी पुन्हा मुकी. त्यांना ते कळलं होतं, म्हणून ते कामं शोधायचे. चांदूर रेल्वेला बी पाहून येऊ, अचलपूरला कोणाला तरी भेटून येऊ. बी आणायचं नसायचं, भेटायचं कोणी नसायचं. रस्ताभर मी बोलायची. जन्मताच गेलेली मोठी पोर. शाळा कायमची सुटली त्या दिवशी बाभळीखाली बसून रडले होते, ते. सासूबाईंचा एक शब्द, जो वीस वर्षं सलत होता. ते फार बोलायचे नाहीत. "हं" म्हणायचे. कधी डावा हात मागं करून माझा गुडघा थोपटायचे.

ऑपरेशनला वीस दिवस उरले होते तेव्हा ते गेले. मला ऑपरेशनला जायचंच नव्हतं. मधली लेक म्हणाली, बाबांनी घेतलेली तारीख आहे, आई. मग गेले.

परवा डॉक्टरांनी तपासून बरं आहे म्हटलं. गाडीवर बसायला हरकत नाही म्हणाल्या. दीर आमच्या यांचीच गाडी घेऊन न्यायला आले होते. गावच्या रस्त्याला लागलो. पहिला गड्डा आला, दुसरा आला, पुलाजवळचा मोठा आला. मी अंग चोरून वाट पाहत होते, पण काहीच दुखलं नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा. इतकं नवल वाटलं की मी पुढं झुकले आणि म्हणाले, "अहो..."

समोर दिराची पाठ होती.

दारात गाडी लावल्यावर त्यांनी विचारलं, "वहिनी, रस्त्यानं काही म्हणून राहिल्या होत्या काय?" मी नाही म्हटलं. ते गेल्यावर लेकीची एक अर्धी कोरी वही शोधली. चौथीनंतर मी हातात पेन धरला नव्हता, अक्षरं वाकडी येतात. पण कागदही माझ्या तोंडाकडं पाहत नाही. सगळ्यात आधी लिहिलं, अहो, आज पुलाजवळचा गड्डा लागलाच नाही. मग थांबून राहिले... पलीकडून "हं" काही आलं नाही.