ओट्यावरचे सिलेक्टर

गोपाळराव माझे भासरे. भासरे म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. आमच्या घराण्यात धाकट्याच्या बायकोने भासऱ्यांशी बोलायचं नसतं. त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नसतो आणि त्यांना काही हवं असलं तर त्यांनी ते भिंतीकडे पाहून मागायचं असतं. "चहा होईल काय घरात?" असं भासरे ओट्यावरून भिंतीला विचारत आणि मी आतून कपबशी वाजवून उत्तर देई. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून आमचं बोलणं एवढंच. माझा वसंत बोलायला लागला तेव्हा जरा सोय झाली. "आई म्हणते, भाजी कोणती आणू?" "मोठे बाबा म्हणतात, वांगी." आमच्या दोघांमधला टपालवाला तोच.

भासऱ्यांची नोकरी सदरमधल्या एका सरकारी कचेरीत. संध्याकाळी सायकल भिंतीला लावली, पायजमा चढवला की ओट्यावर बैठक. थोरल्या जाऊबाई लवकर गेल्या, मूलबाळ नाही, त्यामुळे माणसाला उठवणारं कोणी नव्हतं. ओट्यासमोर नवज्योत क्रीडा मंडळाचं मैदान. दोन खांब, दोन फळ्या, दोन रिंगा आणि मुरूम. तिथे बास्केटबॉल चाले आणि त्या बास्केटबॉलचे सर्वांत मोठे जाणकार आमचे भासरे. जन्मात त्यांनी चेंडू हातात धरला नाही. एकदा तो उसळून ओट्यावर आला तर त्यांनी पायाने परत ढकलला. या खेळात पाय चालत नाही, हे त्या दिवशी पोरांनी हसत हसत त्यांना सांगितलं. भासऱ्यांनी त्या पोरांना आठवडाभर ओळख दिली नाही.

त्यांच्या जोडीला दोघे कायमचे. एक ताराचंद, लकडगंजात लाकडाचा व्यापार. दरवर्षी संघाला बनियन शिवून द्यायचा आणि त्या बनियनच्या जोरावर कोणाला खेळवायचं ते सांगायचा. दुसरे देवराव, शाळेत मास्तर होते. हे हरलेल्या सामन्यानंतर "मी आधीच सांगितलं होतं" म्हणत. आधी मात्र कधी सांगत नसत. तिघे मिळून स्वतःला सिलेक्टर म्हणवून घेत. मंडळाने त्यांना नेमलं नव्हतं, पण मंडळाचे पदाधिकारी भिडस्त होते आणि हे तिघे भिडस्त नव्हते.

वसंत पंचाहत्तर साली कॅप्टन झाला. त्या वर्षीचा हंगाम म्हणजे नुसती शोभा. संघ एकामागून एक सामने हरत गेला. जिंकला तो एकच, कारण समोरच्या संघाची गाडी वाटेत बंद पडली आणि ते आलेच नाहीत. त्या विजयाचे पेढे ओट्यावर वाटले गेले, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. का हरले म्हणाल, तर सरावाला पाच पोरं आली तर दोघांना शिकवणी असे, एकाला डोकेदुखी. संध्याकाळी मैदानावर पाणी मारायचं, रोलर ओढायचा, तर वसंत एकटा. सिलेक्टर ओट्यावरून बघत आणि म्हणत, "पोट्ट्यात दम नाही राहिला."

शेवटचा सामना तेवढा खरा झाला. जिंकले तर मंडळ वरच्या गटात राहणार, हरले तर खालच्या गटात. नवज्योत एका गुणाने मागे होतं, वेळ संपली होती आणि वसंतला दोन फ्री थ्रो मिळाले होते. म्हणजे समोर कोणी अडवायला नाही, रेघेवर उभं राहून निवांत चेंडू टाकायचा. दोन्ही रिंगवर आदळून बाहेर पडले. माझं पोर तिथेच खाली बसलं.

आणि आमचे भासरे मैदानात गेले. पोराच्या पाठीवर हात ठेवायला जात असतील असं लोकांना वाटलं. त्यांनी कोटाच्या खिशातून पुडी काढली आणि सगळ्या मैदानादेखत वसंतच्या हातात हिरव्या बांगड्या ठेवल्या. "घे, भर हातात." ताराचंद हसला. मागे उभे असलेले शंभर लोक हसले.

हरलेल्या पुरुषाला बांगड्या द्यायची रीत आपल्याकडे आहे, मला माहीत आहे. ज्या हातांनी या पुरुषांच्या पोळ्या लाटल्या, यांचे कपडे धुतले, ताप आला तर यांच्यासाठी रात्रभर काढा केला, त्या हातांतल्या बांगड्या म्हणजे यांच्या लेखी नामर्दाची खूण. ते एक असो. माझं डोकं फिरलं ते दुसऱ्याच गोष्टीने. पुडीवर इतवारी बाजारातल्या दुकानाचा छाप होता. सामना सुटल्यावर इतवारी गाठून परत यायला वेळ कुठे होता? म्हणजे हा माणूस घरातून निघतानाच खिशात बांगड्या घेऊन निघाला होता. स्वतःच्या पुतण्याचा सामना बघायला.

वसंतने त्या पुडीसकट घरी आणल्या. मला म्हणाला, "आई, तुह्या मापाच्या हायेत का पाह्य." मी भरल्या. काच चांगली होती, महिनाभर टिकली.

त्या दिवसापासून वसंत मोठ्या बाबांशी बोलेनासा झाला. एकाच घरात, एकाच पंगतीला, मध्ये एक पाट सोडून. आणि आमच्या घरात निरोप नेणारा तोच, त्यामुळे सगळं घर मुकं झालं. आमचे हे लकडगंजातल्या एका वखारीत कामाला, मोठ्या भावासमोर मान वर न करणारे. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "दादाले मी काय सांगू?" यापेक्षा जास्त शहाणपणाची अपेक्षा मी त्यांच्याकडून केलीही नव्हती.

पुढे भिलाईहून बोलावणं आलं. तिथल्या कारखान्याच्या संघाच्या कोणा माणसाने वसंतचे सामने पाहिले होते. नोकरी आणि संघात जागा, दोन्ही. होळीच्या आत हो की नाही कळवायचं होतं. माझा एकुलता एक पोरगा. त्याने जाऊ नये असं मला वाटत होतं, आणि ते मी त्याला स्पष्ट सांगितलं. चपलेचा अंगठा शिवत बसला होता. वर न बघता म्हणाला, "मोठे बाबा एकदा 'चुकलं' म्हणतील तं नाही जात. कोणासमोर म्हणाची बी गरज नाही. मले एकट्याले म्हणू दे." एवढंच त्याचं मागणं.

इकडे ओट्यावर संघ नव्याने बांधायची बैठक रोज भरत होती. मी दाराआडून ऐकत होते, माझं दुसरं काम काय. देवरावांचं म्हणणं, रिंग दक्षिणेकडे आहे म्हणून हरतो. ताराचंद म्हणाला, "बनियान का रंग बदलो. पिवळा लय मनहूस हाये." पिवळा रंग त्यानेच निवडला होता. भासऱ्यांचं मत मात्र ठाम होतं: "आपल्याले उंची पाह्यजे. उंची असली का बाकी सब आपोआप होते."

मग उंची शोधायला तिघे बसने मौद्याला गेले. तिथे धोंडबा नावाचा एक माणूस दारातून वाकून आत जातो असं कोणी तरी सांगितलं होतं. धोंडबाला घेऊनच परतले. ओट्याच्या छपराला डोकं लागेल एवढा उंच आणि गायीसारखा गरीब. त्याला माझ्या हातचं पोटभर जेवू घातलं आणि सरावाच्या सामन्यात रिंगखाली उभं केलं. पहिलाच चेंडू त्याने अलगद झेलला. सगळे ओरडले, "टाक! टाक!" धोंडबाने चौफेर पाहिलं आणि समोरच्या संघाच्या पोराला नम्रपणे विचारलं, "हे तुमचं हाये का गा?" आणि देऊन टाकला. संध्याकाळच्या बसने तो मौद्याला परत गेला. तिघांपेक्षा त्याला खेळ जास्त कळत होता असं मी म्हणणार नाही, पण त्याला रीतभात कळत होती.

बस सुटल्यावर तिघे पुन्हा ओट्यावर येऊन बसले. मग देवरावांनी घसा खाकरला. "काही म्हणा गोपाळराव, वसंतासारखा पोट्टा नाही आपल्यापाशी. थो भिलाईले गेला तं टीम संपली."

ताराचंदने मान डोलावली. "लडका तो अच्छा है. फ्री थ्रो तो किसी का भी चुकता है."

किसी का भी! मैदानात सगळ्यांत आधी हसला तो हाच.

भासरे म्हणाले, "घरचाच पोट्टा हाये. मी चुटकी वाजवली का येते."

"मंग वाजवा न. काहून थांबून राहिले?"

 मी दाराआड वाट पाहत होते. वसंत आत खाटेवर बसला होता, त्यालाही सगळं ऐकू येत होतं. ओट्यापासून खाटेपर्यंत अंतर ते काय, मध्ये एक उंबरा. पाण्याचा तांब्या मागण्याचं निमित्त करून आले असते तरी चाललं असतं. भासऱ्यांनी पायजम्याची नाडी घट्ट केली आणि विषय काढला, नवा कोच नेमायचा का.

तेव्हा मी उंबरा ओलांडून बाहेर आले. पदर डोक्यावर होता, तो तसाच राहू दिला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या तोंडाकडे पाहून बोलले.

"भाऊजी, पोट्टा आत बसला हाये. तुमची वाट पाहून राहिला. चुकलं म्हणा त्याले. एक शब्द म्हणा, थो जात नाही भिलाईले. मी हात जोडतो तुम्हाले."

देवराव चपला शोधायला लागले. ताराचंद मैदानाकडे असा पाहायला लागला की जणू तिथे सामना चालू आहे. भासऱ्यांचा चेहरा लाल झाला. माझ्याकडे न पाहता त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि भिंतीला म्हणाले, "घरात सांगा, पाहू म्हणा."

मी समोर उभी होते. हात जोडून उभी होते. आणि त्या माणसाने भिंतीला उत्तर दिलं.

होळी झाली. वसंतने भिलाईला हो कळवून टाकलं. निघायच्या दिवशी सकाळी यांनी ट्रंक रिक्षात ठेवली. वसंतने देवाला नमस्कार केला, मला केला, आणि मग ओट्यावर जाऊन मोठ्या बाबांच्या पाया पडला. माझं पोर माझ्यापेक्षा मोठ्या मनाचं. वाकला तो जरा जास्तच वेळ वाकलेला राहिला, ते मला कळलं. अजूनही वेळ होता. रिक्षातून ट्रंक काढायला कितीसा वेळ लागतो!

भासऱ्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ओठ हलले. 

"वसंता," ते म्हणाले, "फ्री थ्रो मारताना गुडघे वाकवत जाय."

"हो, मोठे बाबा," वसंत म्हणाला आणि रिक्षात बसला.

शब्द त्यांच्या तोंडात आला होता. मी पाहिला. या माणसाला जगातल्या प्रत्येकाची चूक दिसत होती, रेफ्रीची, पोरांची, रिंगची, बनियनच्या रंगाची. स्वतःची चूक तोंडापर्यंत आली आणि त्याने ती गिळली. त्यासाठी माझं पोर दिलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओट्यावर पुन्हा बैठक. मी चहा दिला, कारण यांनी डोळ्यांनी विनवलं होतं. वाटलं, निदान आज तरी गप्प बसतील. देवराव म्हणाले, "पोट्टा गेला गोपाळराव. नुकसान झालं मंडळाचं."

भासऱ्यांनी चहाचा घोट घेतला. "मंडळापेक्षा पोट्ट्याचं भविष्य मोठं. म्हून मीच म्हटलं त्याले, जाय. मीच पाठवलं भिलाईले."

"बडा दिल है आपका," ताराचंद म्हणाला.

मी बाहेर आले. देवरावांच्या हातातला अर्धा प्यालेला कप काढून घेतला. मग ताराचंदचा. मग भासऱ्यांचा. त्यांची बोटं कपाच्या कानात अडकली होती, ती सोडवून घेतला.

"बैठक संपली," मी म्हटलं. "घरी जा."

देवराव उठले, ताराचंद उठला. चपला घालून दोघे मैदान ओलांडून निघून गेले. भासरे अर्धवट उठले आणि परत खाली बसले, कारण त्यांचं घर हेच होतं.